एक ते नऊ आणि परत एक : देवळालीच्या कापरेकर मास्तरांची १७ अंकी संख्या

छत्रपती संभाजीनगर : मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. नऊ वेळा १ दाबा, गुणिले दाबा, पुन्हा नऊ वेळा १ दाबा. म्हणजे १११११११११ × १११११११११. याचे खरे उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढत जायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली यायचे. उलट वाचा, सुलट वाचा, संख्या तीच.

फोनवर मात्र हेच उत्तर दिसेल याची खात्री नाही. काही कॅल्क्युलेटर सुरुवातीचे थोडे अंक दाखवतात आणि बाकीचे घातांकात गुंडाळून मोकळे होतात. एक्सेलमध्ये हा गुणाकार केला तर शेवटच्या २१ च्या जागी ०० येते, कारण एक्सेल १५ अंकांपलीकडे अचूकता राखत नाही. जावास्क्रिप्टमध्ये शेवटचा १ जाऊन तिथे ० बसतो. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढच्या सगळ्या पूर्ण संख्या जशाच्या तशा साठवता येत नाहीत आणि आपली संख्या त्यापेक्षा मोठी आहे. बजेटच्या भाषेत सांगायचे तर ती १२,३४५ लाख कोटींच्या वर जाते. केंद्र सरकारचे वर्षाचे बजेट सध्या पन्नास लाख कोटींच्या घरात आहे, त्यावरून अंदाज यावा.

अशा संख्यांचा अख्खा संसार एका शाळामास्तराने कागद-पेन्सिलीवर मांडला. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ या चार अंकी संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले. पण त्यांच्या डोक्यात काय चालत होते हे समजून घ्यायचे असेल, तर ही १७ अंकी संख्या जास्त उपयोगी पडते. त्यांनी लावलेल्या बहुतेक सगळ्या कसोट्या तिच्यावर चालवून पाहता येतात. या बातमीत तेच करू.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, त्यामुळे घरात आकड्यांचा वावर लहानपणापासून होता. आठ वर्षांचे असताना आई गेली. पुढची शाळा ठाण्यात झाली आणि १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले.

केंब्रिजमध्ये १८९९ मध्ये सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे हे त्या काळात गणितातले महाराष्ट्राचे सगळ्यात मोठे नाव. त्यांच्याच नावाचे, स्वतंत्र गणिती कामासाठी असलेले पारितोषिक कापरेकरांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बीएस्सी झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. एमएस्सी नाही, पीएचडी नाही. १९३० मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. इंग्रज काळात मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत इथे महिनोन्महिने पडून राहायचे आणि कंटाळून त्यांची डोकी फिरायची. त्यावरून वेडसर माणसासाठी डुलाली असा शब्दच इंग्रजीत रुळला. इंग्रजी शब्दकोशात देवळाली गेली ती वेडामुळे. अंकगणिताच्या पुस्तकांत ती गेली कापरेकरांमुळे, ते पुढे येईलच.

डेम्लो म्हणजे काय?

संभाजीनगरहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांना मार्ग पाठ असतो. मनमाड, नाशिक रोड, देवळाली, इगतपुरी, मग घाट उतरून कसारा, कल्याण, डोंबिवली, ठाणे. कापरेकरांच्या आयुष्याचा बराचसा भाग याच रुळांवर सापडतो. ठाण्यात शाळा, देवळालीत नोकरी आणि या दोहोंच्या मध्ये एक स्टेशन, जिथे त्यांना एक कल्पना सुचली.

त्या वेळच्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून साधारण ३० मैलांवर, डेम्लो नावाचे स्टेशन होते. आजचे डोंबिवली ते हेच, असे मानले जाते. तिथे सुचलेल्या संख्यांना कापरेकरांनी स्टेशनचेच नाव देऊन टाकले, डेम्लो संख्या. आपल्याकडे संख्यांना ऋषींची, देवांची किंवा युरोपातल्या गणितज्ञांची नावे देतात. लोकल जिथे थांबते त्या ठिकाणचे नाव संख्येला देणारा माणूस विरळाच.

डेम्लो संख्येचे तीन भाग पाडता येतात. पहिला आणि शेवटचा भाग यांची बेरीज केली की मधल्या भागातला अंकच पुन्हापुन्हा मिळतो. १६५ घ्या. १ आणि ५ मिळून ६, आणि मध्ये ६ आहेच. २५५३ घ्या. २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५५. आता आपली मोठी संख्या अशीच फोडा : १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. टोकाच्या दोन भागांची बेरीज येते ९९९९९९९९. आठ वेळा नऊ, आणि मध्ये नऊच.

१, ११, १११, ११११ अशा संख्यांचे वर्ग केले की १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही रांग मिळते. हे सगळे त्या घराण्यातले सगळ्यात देखणे सदस्य. कापरेकरांनी त्यांना अद्भुत डेम्लो संख्या म्हटले.

या रांगेत जादू नाही, गुणाकाराची मांडणी आहे. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना कागदावर नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या रकान्यात नऊ, आणि मग पुन्हा कमी होत एक. कुठेच हातचा येत नाही, म्हणून आकृती शाबूत राहते. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण मध्येच तुटली, डावीकडचा आठ गायब झाला. म्हणजे आपली १७ अंकी संख्या या देखण्या रांगेतली शेवटची. तिच्यानंतर रांग चालू राहते, पण रूप जाते.

या संख्यांवर कापरेकरांनी काम सुरूच ठेवले. के. आर. गुंजीकर यांच्यासोबतचा डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावरचा त्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ मध्ये छापून आला. हे लक्षात ठेवायला हवे, कारण कापरेकरांना विद्यापीठांनी दारातही उभे केले नाही असे चित्र कधी कधी रंगवले जाते. दार अगदीच बंद नव्हते. ते फारसे उघडलेही नाही, एवढेच.

आधी कुणाला हे दिसले नव्हते?

दिसले होते. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूटांनी खोदवले, त्याच घराण्यातल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या गणितसारसंग्रह या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि पुन्हा उतरणारी. ती १११११ च्या पुढे आणखी एक १ लावून, म्हणजे १११११११ नव्हे तर बरोबर सहा एक घेऊन, केलेला वर्ग आहे. गळ्यातल्या हारासारख्या, दोन्ही टोकांनी सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची त्या ग्रंथात हौसेने मांडणी केलेली आहे.

कापरेकरांचे वेगळेपण म्हणूनच ही आकृती पहिल्यांदा पाहण्यात नाही. ती ज्या मोठ्या कुटुंबातली आहे ते कुटुंब त्यांनी शोधले, त्याचा नियम सांगितला आणि त्याला नाव दिले. एखादी सुंदर संख्या सापडली की बहुतेक लोक टाळी वाजवून पुढे जातात. कापरेकर विचारायचे की हिचे नातेवाईक कोण.

हर्षद : आनंद देणारी संख्या

त्यांची दुसरी कसोटी सोपी आहे. संख्येतल्या अंकांची बेरीज करा. त्या बेरजेने मूळ संख्येला भागा. निःशेष भाग गेला तर ती हर्षद संख्या. संस्कृतात हर्षद म्हणजे आनंद देणारा. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीसुद्धा हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९.

आपल्या १७ अंकी संख्येचे काय? एक ते आठ यांची बेरीज ३६, उतरतानाचे ३६, मध्ये ९. एकूण ८१. आता १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ ने भागा. उत्तर येते १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. संख्या हर्षद ठरली.

भाग का जातो हे पाहायला भागाकार करण्याचीही गरज नाही. १११११११११ मध्ये नऊ एक आहेत, अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो आणि उत्तर येते १२३४५६७९. (इथेही आठ गायब आहे, पण ती वेगळी गोष्ट.) मूळ संख्येला ९ ने भाग जात असेल, तर तिच्या वर्गाला ९ × ९ म्हणजे ८१ ने जाणारच.

आणखी खोलात गेले तर १११११११११ चे मूळ अवयव पडतात ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यावरून आपल्या १७ अंकी संख्येला नेमक्या किती संख्यांनी भाग जातो हे मोजता येते. उत्तर आहे ४५. एक ते नऊ यांची बेरीजही ४५ च. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही, पण कापरेकरांनी ही नोंद नक्की करून ठेवली असती.

नावाच्या बाबतीत या कल्पनेचे नशीब विचित्र निघाले. कापरेकरांनी १९५५ च्या सुमारास हर्षद हे नाव दिले. अमेरिकेत १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन या नामवंत गणितज्ञाने एका परिषदेत अशाच संख्यांचा विषय काढला आणि तिकडे त्या निव्हेन संख्या झाल्या. आजही दोन्ही नावे चालतात. १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले की अशा संख्या ओळीने जास्तीत जास्त २० येऊ शकतात, २१ कधीच नाहीत. त्या निबंधाच्या शीर्षकात निव्हेन आहेत.

स्वयंभू : आईबाप नसलेली संख्या

आता देवळालीकडे येऊ. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ मध्ये १ आणि २ मिळवले की १५. कापरेकरांच्या भाषेत १२ ही १५ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१ येते आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१ च. आणि काही संख्या अशा की त्यांना जनकच नाही. २० कोणत्याही संख्येपासून अशी तयार होत नाही. करून बघा. १४ पासून १९ येतात, १५ पासून एकदम २१. मधले २० सुटते.

जनक नसलेल्या या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले, आणि दुसरे नाव दिले देवळाली संख्या. १ ते १०० मध्ये त्या १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

आपली १७ अंकी संख्या स्वयंभू आहे का? वरवर पाहता हे शोधणे अशक्य वाटते. बारा हजार लाख कोटी संख्या तपासायच्या? नाही. १७ अंकांची बेरीज जास्तीत जास्त १७ × ९ म्हणजे १५३ होते. म्हणजे जनक असेलच तर तो आपल्या संख्येच्या मागे १५३ घरांतच असणार. शिवाय कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागले तर बाकी सारखीच उरते. आपल्या संख्येला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा. राहिले फक्त १७ उमेदवार. ९ मागे, १८ मागे, २७ मागे, असे १५३ पर्यंत.

हे काम कागदावर दहा मिनिटांत होते. ९ मागे गेले तर अंकांची बेरीज ८१ येते, हवी होती ९. जमले नाही. १८ मागे, पुन्हा ८१. २७ मागे, ९०. असे करत ८१ मागे गेले की १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या मिळते आणि तिच्या अंकांची बेरीज बरोबर ८१ भरते. पुढचे सगळे उमेदवारही नापास होतात. म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि एकच आहे.

संगणक नसताना कापरेकर जे करत होते ते हेच. दिसायला प्रचंड असलेले काम काही ओळींत आवाक्यात आणायचे. इंजिनिअरिंगच्या मुलांना स्वयंभू संख्या शोधण्याचा प्रोग्राम लिहायला सांगतात, तेव्हा ही छाटणी ज्याला सुचते त्याचा प्रोग्राम चटकन धावतो. बाकीच्यांचा गोल गोल फिरत राहतो.

मग लोक हसले का?

हसले. विद्यापीठांतल्या अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटायचे. नावाजलेल्या नियतकालिकांत फारशी जागा मिळेना. काही लेख करमणुकीच्या गणिताच्या नियतकालिकांत आले आणि बाकीचे कापरेकरांनी शाळामास्तराच्या पगारातून स्वतःच पुस्तिकांच्या रूपात छापून घेतले. स्वयंभू संख्यांवरची त्यांची १९६३ ची पुस्तिका देवळालीहूनच निघाली. जवळपासच्या कॉलेजांत मात्र त्यांना व्याख्यानाला बोलावत आणि ते आनंदाने जात.

हसणाऱ्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हेही सांगायला हवे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे ती कशी लिहिली यावर अवलंबून नसते. ती दहाच्या पद्धतीने लिहा, आठच्या लिहा, दोनच्या लिहा, गुण तोच. अंकांच्या बेरजेचे तसे नाही. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पद्धतीने लिहितो. बारा बोटे असती तर ६१७४ ची सगळी मिजास संपली असती. गणितज्ञांना जे लिपीवर अवलंबून आहे ते वरवरचे वाटते, आणि त्यात तथ्य आहे.

पण डेम्लो संख्यांची आकृती या आक्षेपातून बऱ्यापैकी सुटते. आठच्या पद्धतीत सात एक घेऊन वर्ग करा, उत्तर येते १२३४५६७६५४३२१. तीच चढण, तीच उतरण, फक्त सातपाशी वळलेली. पद्धत कोणतीही घ्या, हातचा येईपर्यंत आकृती टिकते. म्हणजे हा गुण दहा बोटांचा नाही, गुणाकाराचा आहे. स्वयंभू संख्यांबाबतही पुढे असेच झाले. १९८२ मध्ये उंबेर्तो झानिएर या इटालियन गणितज्ञाने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले की कितीही पुढे गेले तरी एकूण संख्यांतला स्वयंभू संख्यांचा वाटा ठरावीक राहतो, तो विरत जात नाही. देवळालीच्या पुस्तिकेतला खेळ आता मोठ्या नियतकालिकातला सिद्धांत झाला होता. तेव्हा कापरेकर हयात होते.

आणि ते ६१७४?

हे बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेले असते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि तिथेच थांबते.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. नेमक्या सात पायऱ्या. त्यांच्या स्वतःच्या वर्षाला सगळ्यात लांबचा रस्ता पडला.

असे का होते? वजाबाकीचे उत्तर चारही अंकांवर अवलंबून नसते. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर ते ठरते. त्यामुळे पहिल्याच पायरीला हजारो संख्या आटून ५४ शक्यतांवर येतात. त्या ५४ ची वाट हाताने तपासता येते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले आणि १९५५ मध्ये ६१७४ वरचा त्यांचा लेख स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकी नियतकालिकात आला. तीन अंकांसाठी अशी संख्या ४९५ आहे. पाच अंकांसाठी अशी एकही नाही, तिथे संख्या चक्रात फिरत राहतात. आणि ६१७४ हर्षदही आहे : अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ × ७ × ७.

सत्तरीत मिळालेली ओळख

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. साठी ओलांडलेला, जगभरच्या कोडेप्रेमींमध्ये ज्याचे नाव पोहोचत होते असा माणूस देवळालीत शिकवण्यांवर घर चालवत होता. संख्यांचे काम थांबले नाही.

मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले. हे सदर तेव्हा जगभर वाचले जायचे. कापरेकर सत्तर वर्षांचे होते. रामानुजन यांना हार्डी भेटले ते पंचविशीत, आणि ते केंब्रिजचे गणितज्ञ होते. कापरेकरांना उशिरा भेटलेले गार्डनर हे तत्त्वज्ञानाचे पदवीधर, गणिताची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. ज्यांचे काम हौशी म्हणून बाजूला ठेवले गेले, त्यांना जगापुढे आणले तेही एका हौशी माणसानेच.

त्यानंतर नावे पक्की झाली. कापरेकर स्थिरांक, कापरेकर संख्या. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग केला, त्याचे दोन तुकडे केले आणि ते मिळवले की तीच संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे पुन्हा १४२८५७. आपल्या १७ अंकी संख्येवर हा प्रयोग केला, तिचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे तुकडे पाडले, तर बेरीज १११११११११ येत नाही. येते ९९९९९९९९९, म्हणजे हवी त्याच्या नऊपट. ही कसोटी ती नापास होते. पण बेरजेत आलेली नऊ नवांची संख्या स्वतः कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि ९९९९९९९९८ मध्ये १ मिळवला की झाले.

या संख्यांवरचा कापरेकरांचा लेख जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्समध्ये १९८० च्या सुमारास आला. ते तेव्हा पंचाहत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवून दिले की सगळ्या कापरेकर संख्या ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांतून नेमक्या मिळतात. ९९ चे ९ आणि ११ असे दोन तुकडे पडतात. ९ पासून ४५ मिळते आणि ११ पासून ५५.

२०२५ साल उजाडले तेव्हा हे वर्ष म्हणजे ४५ चा वर्ग, आणि २० अधिक २५ बरोबर ४५, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. बहुतेकांत कापरेकरांचे नाव नव्हते. असे पुढचे वर्ष ५५ चा वर्ग असलेले, ३०२५.